सरकारी खरेदीत पुनर्वापराचा माल : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत भंगार वितळवून ओतलेलं बिडाचं झाकण सरकारी खरेदीत बिनदिक्कत नवा माल म्हणून जातं. जुना पंप खोलून, बेअरिंग-सील बदलून, चाचणी घेऊन उभा केला, तर 'माल नवा व न वापरलेला असावा' या सर्रास आढळणाऱ्या अटीवर तो बाद होतो. अपवाद एसटीचा. रिमोल्ड टायर मागच्या चाकांना बसवण्याची पद्धत परिवहन महामंडळांत जुनीच आहे, पण ती काटकसर म्हणून. पर्यावरणाचं नाव तिला कोणी दिलं नव्हतं.

बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे, १९५६ पूर्वीचे खरेदीनियम आता फक्त दप्तरात. आजची चौकट कर्नाटकाच्या १९९९ च्या सरकारी खरेदी कायद्याची. त्याचा रोख पारदर्शकतेवर आणि कमीत कमी दरावर होता. माल कशापासून बनला, हा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी केंद्र सरकारने बांधकामात औष्णिक वीजकेंद्रांची राख वापरण्याची सक्ती आणली, पण ती वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरपुरती. २००३ मध्ये १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाले. विजयपूर जिल्ह्यात कुडगीचं वीजकेंद्र उभं राहिलं आणि बेळगावही त्या वर्तुळात आलं.

खरा गुंता केंद्राच्या मार्च २०१६ च्या राडारोडा, म्हणजे बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या, नियमांचा. राडारोड्यापासून बनवलेला माल पालिका आणि सरकारी कंत्राटांत ठरावीक प्रमाणात सक्तीचा करावा, असं त्यात म्हटलं, आणि पुढे कंसात 'समजा १० ते २० टक्के'. कायद्यात 'समजा'! टक्के कशाचे, किमतीचे, वजनाचे की घनफळाचे, तेही सांगितलं नाही. त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी चालेल असं म्हटलं होतं, म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती. पण एसआरमध्ये, म्हणजे दरसूचीत, बाब नसेल तर अभियंता ती अंदाजपत्रकात घालणार कशी? दोष मात्र ठेकेदाराच्या माथी.

त्यात मुदतीचा घोळ. राडारोड्यावर प्रक्रिया करणारं केंद्र सुरू करायला दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना १८ महिने, पाच ते दहा लाखांना २४, त्याखाली ३६. आधार २०११ ची जनगणना. तेव्हा बेळगाव महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित खाली होती. आजूबाजूची वस्ती धरली तर सहा लाखांवर. पालिकेचाच आकडा धरला की वर्षभराची सवलत आपसूक मिळते. आणि नेमकं नियमांच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०१६ मध्ये, शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं होतं. काँक्रीटचे रस्ते, पदपथ, पेव्हर ब्लॉक यांची मोठी खरेदी याच सवलतीच्या काळात सुरू झाली. राडारोड्याचा माल सहज खपला असता तो याच कामांत.

नंतर नियमांची रांगच लागली. २०२२ मध्ये प्लास्टिक, टायर आणि ई-कचऱ्याबाबत उत्पादकांच्या जबाबदारीचे नवे नियम आले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द ठरली. राडारोड्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे, पण त्यांत विकासकांवरची मुख्य जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांची. खानापूर-निपाणीतली बहुतेक कामं त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.