स्ट्राँग अ‍ॅसिड आणि कॉन्सन्ट्रेटेड अ‍ॅसिड

कॉन्सन्ट्रेटेड आणि डायल्यूट सगळ्यांना कळतं. ठरावीक द्रावणात अ‍ॅसिड जास्त की कमी, एवढाच प्रश्न. घोळ होतो तो ‘स्ट्राँग’पाशी. स्ट्राँग चहा म्हणजे कमी पाण्याचा, हा अर्थ डोक्यात पक्का असतो. मग ‘पाणी घातलं की अ‍ॅसिड वीक होतं’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी येतं. पाणी घालून अ‍ॅसिड वीक होत नाही.

स्ट्राँग असणं हा त्या अ‍ॅसिडचा स्वभाव आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पाण्यात गेलं की त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटतात आणि हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटतात. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे बहुतेक रेणू अखंड राहतात. दोन्हींचं ०.१ मोलर द्रावण घ्या, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल अ‍ॅसिड (मोल हे रेणू मोजायचं ठरावीक माप). कॉन्सन्ट्रेशन सारखं, तरी पहिल्याचा पीएच (मोकळ्या हायड्रोजन आयनांचं माप; आयन जास्त तितका आकडा कमी) १ आणि दुसऱ्याचा २.९ च्या आसपास, कारण दुसऱ्यात शंभरातला एखादाच रेणू फुटलेला असतो. हेच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ०.००१ मोलरपर्यंत डायल्यूट केलं तर सुमारे १२ टक्के रेणू फुटतात, तरीही ते वीकच.

आता टायट्रेशन, म्हणजे अ‍ॅसिड पूर्ण संपवायला किती अल्कली लागते ते मोजणं. दोन्ही ०.१ मोलर द्रावणं १०-१० मिलि फ्लास्कमध्ये घ्या आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या मापनळीतून, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली सोडा. अल्कली जास्त झाली की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग दोन्हीकडे १० मिलिच्या सुमारासच टिकतो. वीक अ‍ॅसिडला अल्कली कमी लागेल असं वाटतं, पण आयन खर्च होतील तसे उरलेले रेणू फुटत जातात. टायट्रेशन एकूण अ‍ॅसिड मोजतं, पीएच मीटर त्या क्षणी मोकळे असलेले आयन.

मराठी पुस्तकांनी स्ट्राँग-वीकसाठी तीव्र-सौम्य आणि कॉन्सन्ट्रेटेड-डायल्यूटसाठी संहत-विरल अशा दोन स्वतंत्र जोड्या दिल्या आहेत. डायल्यूट करण्याला ‘सौम्य करणे’ म्हणू नका, मला ते अजिबात पटत नाही. विरल करा म्हणा.

वीक म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर धोक्याचा आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जवळपास शुद्ध असतं, सुमारे १७ मोलर. सांडलं तर कातडी भाजते. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडही वीकच, पण ते काच खातं, आणि कातडीतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली आणतं की माणूस दगावू शकतो.