ईसीयूत फाइल भरणं आणि इंजिन ट्यून करणं: धंदा एक, कामं दोन

सोलापुरात होटगी रोड घ्या नाहीतर हैदराबाद रोड, गॅरेजसमोरच्या टपरीवर डिझेल गाडीचा विषय निघाला की तो रीमॅपवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवण्यावर, येऊन थांबतोच. तिथं एखादा पोरगा हमखास असतो: "येतंय की मला, टूल हाय माझ्याकडं." टूल आहे म्हणजे त्याला ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या त्या कॉम्प्युटरमध्ये, फाइल भरता येते. त्या फाइलमध्ये काय असावं हे त्याला कळतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तो टपरीवर कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकाच्या लेखी सगळं रीमॅपच, बिलही एकच. शिकणाऱ्यांची गडबड इथूनच होते. एक काम महिन्या-दीड महिन्यात हातात बसतं आणि दुसरंही आलं असं वाटायला लागतं.

आधी फाइल भरण्याचं बघू, कारण सगळे सुरुवात तिथूनच करतात. ईसीयूच्या फ्लॅश मेमरीत दोन गोष्टी असतात: इंजिन चालवणारा प्रोग्राम आणि त्या प्रोग्रामला लागणारे आकड्यांचे तक्ते, म्हणजे मॅप. तिथवर पोचायचे तीन रस्ते. सोपा म्हणजे स्टिअरिंगखालचा १६ पिनांचा ओबीडी सॉकेट. दुसरा बेंच: ईसीयू काढून टेबलावर घ्यायचा, कनेक्टरच्या ठराविक पिनांना वीज आणि कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) वायरी जोडायच्या. तिसरा बूट मोड, त्यात बऱ्याचदा ईसीयूचं झाकण उघडून बोर्डावरचा एक पॉइंट ग्राउंड करावा लागतो. ओबीडीवरून लिहायला गेलं की ईसीयू एक आकडा फेकतो. त्यावर ठरलेलं गणित करून टूलनं उत्तर दिलं तरच पुढे परवानगी. याला सीड-की म्हणतात. हे गणित टूलवाल्या कंपनीनं आधीच सोडवून ठेवलेलं असतं, आपण मॉडेल निवडून बटण दाबतो. लिहून झाल्यावर चेकसम जुळावा लागतो, म्हणजे मेमरीतल्या आकड्यांची ईसीयू स्वतः करतो ती बेरीज. आकडे बदलले आणि चेकसम दुरुस्त केला नाही तर बहुतेक गाड्या स्टार्टच होत नाहीत. तेही आजकाल टूल आपोआप करतं.

म्हणजे हे काम फालतू आहे का? अजिबात नाही. त्यातली खरी कला सावधपणाची आहे. मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये नुकतीच फिरून आलेली गाडी घ्या. इग्निशन चालू करून लिहायला सुरुवात केली की इंजिन तापलेलं असल्यामुळे रेडिएटरचा फॅन मधेच सुरू होतो. इंजिन बंद, म्हणजे अल्टरनेटर बंद. फॅन बॅटरीतून दणकून करंट ओढतो, व्होल्टेज १२ च्या खाली घसरतं आणि लिहिणं साठ टक्क्यांवर अडकतं. आता ईसीयूत अर्धी जुनी फाइल, अर्धी नवी, गाडी मेलेली. म्हणून बॅटरीला १३ व्होल्टच्या वर स्थिर धरणारा सप्लाय लावायचा, तो इन्व्हर्टरवर घ्यायचा (लाइट कधी जाईल सांगता येत नाही), हेडलाइट-एसी बंद, गाडी आधी गार होऊ द्यायची. आणि पहिलं पाऊल कायम एकच: मूळ फाइल पूर्ण वाचून दोन ठिकाणी जपून ठेवायची, जमलं तर ईईप्रॉम या छोट्या वेगळ्या मेमरीसकट, कारण बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरची (चावी ओळखणाऱ्या कुलुपाची) माहिती त्यातच असते. एवढं पाळलं तर मेलेला ईसीयूसुद्धा बहुतेक वेळा बेंच किंवा बूट मोडनं उठवता येतो. स्वस्तातली क्लोन, म्हणजे नक्कल केलेली, टूलं घेऊन लोक जो घोळ घालतात, तो याच टप्प्यावर.

आता फाइल येते कुठून? टूलं दोन प्रकारची विकली जातात, मास्टर आणि स्लेव्ह. स्लेव्ह स्वस्त पडतं, पण त्यानं वाचलेली फाइल कुलूपबंद असते. ती उघडून बदलणं फक्त ज्याच्या मास्टरशी ते टूल बांधलंय त्याला जमतं. सोलापुरातला पोरगा फाइल वाचतो, इंटरनेटवरून पाठवतो, तासाभरात बदललेली फाइल परत येते, तो ती भरतो. ट्यूनिंग झालं ते दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात, गाडी न बघता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांनी जेकार्डवर चादर निघताना बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. पंच केलेली कार्डं क्रमानं लावून माग चालवणारा कारागीर वेगळा, आणि ग्राफ पेपरवर चौकोन न् चौकोन भरून नक्षी काढणारा वेगळा. कार्ड उलटं लागलं तर चादर बिघडते, म्हणून पहिल्याचं काम कमी नाही. पण मोर कुठं बसवायचा हे तो ठरवत नाही.

ग्राफ पेपरचे ते चौकोन ईसीयूच्या फाइलमध्येही आहेत. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली तर पानंच्या पानं आकडे दिसतात, कुठंही लिहिलेलं नसतं की हा तक्ता कशाचा. समजा एका ठिकाणी ३ई ८० असे दोन बाइट आहेत. हेक्समधून (सोळाच्या पटीतल्या मोजणीतून) आपल्या नेहमीच्या आकड्यांत बदलले की १६०००. त्याला ०.१ नं गुणलं की १६००, म्हणजे कॉमन रेलमधला (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब, १६०० बार. गुणक चुकीचा धरला तर तोच आकडा दुसरंच काही वाटेल. त्यातून बॉश कंपनीच्या ईडीसी१६ या ईसीयूत मोठा बाइट आधी येतो, ईडीसी१७मध्ये लहान. तिथं हीच किंमत ८० ३ई अशी दिसेल. विनओएलएससारखं सॉफ्टवेअर हे तक्ते शोधायला मदत करतं, डॅमॉस किंवा ए२एल फाइल (तक्त्यांची यादी असलेली) हाती लागली तर प्रत्येक तक्त्याचं नाव-गावही कळतं. पण नाव कळलं म्हणजे आकडा किती ठेवायचा हे कळलं असं नाही. ट्यूनिंग सुरू होतं ते इथून.

डिझेलमध्ये पेडल दाबल्यावर काय होतं ते बघा. पेडलच्या तक्त्यातून टॉर्कची मागणी निघते, टॉर्क लिमिटर तिला कात्री लावतो, टॉर्कवरून डिझेलचं प्रमाण ठरतं, मग स्मोक लिमिटर बघतो की आत आलेली हवा एवढ्या डिझेलला पुरणार का. पुरत नसेल तर डिझेल कमी. त्यानंतर रेलचा दाब, इंजेक्शन कधी सुरू करायचं, किती मायक्रोसेकंद उघडं ठेवायचं, टर्बोनं किती दाब द्यायचा. एक तक्ता वाढवून भागत नाही, सगळे एकमेकांत गुंतलेले असतात.

हिशोब करू. १.३ लिटर डिझेलच्या एका सिलिंडरमध्ये पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) एका स्ट्रोकला ८०० मिलिग्रॅम हवा गेली असं धरा. डिझेल ४० मिलिग्रॅम. एक भाग डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ भाग हवा लागते, म्हणजे ५८० मिलिग्रॅम. लॅम्डा, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे तो आकडा, आला १.३८, हवा भरपूर. फाइलवाल्यानं डिझेल ४६ वर नेलं: लॅम्डा १.२०, अजून चालण्यासारखं. आता तीच गाडी मे महिन्यात, बाहेर ४३ अंश, चार माणसं आणि डिकी भरून, टेंभुर्णीच्या अलीकडे ट्रक ओव्हरटेक करत चाललीय. इंटरकूलरमधून निघालेली हवा ५० ऐवजी ७५ अंशांवर. दाब तेवढाच असला तरी हवा ७ टक्के विरळ, म्हणजे ७४५ मिलिग्रॅम. लॅम्डा १.१२. मागच्या गाडीला काळा धूर दिसतो, पण ड्रायव्हरला दिसत नाही ते असं की एक्झॉस्टचं तापमान चढतंय आणि टर्बो व पिस्टन ते सोसतायत.

खरं तर कंपनीच्या फाइलमध्ये याची सोय असते. हवा कमी आली की स्मोक लिमिटर आपोआप डिझेल कापतो. पण घाईत केलेल्या फाइलमध्ये पहिला बळी जातो तो याच लिमिटरचा: सगळ्या रकान्यांत मोठा आकडा भरून टाकला की गाडी कशी उसळते! गिऱ्हाईक खूश, टेस्ट राइड जुळे सोलापूरच्या रिकाम्या रस्त्यावर, तीही डिसेंबरच्या सकाळी. अशा फाइलला मी ट्यूनिंग म्हणत नाही.

दोन्ही कामांतला सगळ्यात मोठा फरक मला इथं दिसतो. फाइल भरताना चूक झाली तर ती तिथल्या तिथं कळते, गाडी स्टार्ट होत नाही. ट्यूनिंगमधली चूक मात्र काही दिवस फायद्यासारखी वाटते. गाडी आधीपेक्षा जोरात पळते, क्लच घसरायला किंवा टर्बो शिट्टी मारायला लागतो तो काही महिन्यांनी, आणि तोवर दोष डिझेलला किंवा आधीच्या मेकॅनिकला देऊन झालेला असतो.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. तिथं नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) आणि इग्निशनचं टायमिंग हा मुख्य विषय आहे, आणि आपल्याकडं त्यात इथेनॉलची भर पडते. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साधारण १३.५. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. पूर्ण पेडलवर बऱ्याच गाड्या सेन्सरचं न ऐकता तक्त्यावर चालतात. युरोपातल्या पेट्रोलवर बेतलेली फाइल ज्या जिल्ह्यात साखर कारखाने रांगेनं उभे आहेत तिथं भरायची, तर हा हिशोब कुणीतरी केलेला हवा.

दोन कामं वेगवेगळ्या हातांत कशी असतात याचं मोठं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनचं २०१५ मधलं प्रकरण. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते नायट्रोजनचे घातक वायू कमी सोडणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅलिब्रेशनमध्येच होतं. नंतर भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीला बोलावल्या गेल्या. सर्व्हिस सेंटरवर लॅपटॉप लावून नवी फाइल भरणाऱ्या मुलानं ना ती चोरी केली होती, ना ती दुरुस्ती लिहिली होती.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण टपरीवर कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. एमएच-१३ ची पाटी असलेल्या गाडीची ताकद वाढवली तर वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी सोय) किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) फाइलमधून बंद करून मागणारी गिऱ्हाइकं तर रोजची: "दादा, तेवढं डीपीएफ काढून टाका की, काय होतंय?" होतं ते मागच्या दुचाकीवाल्याच्या फुप्फुसात. या कामाला सरळ नाही म्हणावं.

मग शिकायचं कसं? फाइल भरणं शिकायला जुन्या बाजारातून एखादा भंगारातला ईसीयू, १२ व्होल्टचा चांगला सप्लाय आणि बेंचच्या वायरी पुरे. तोच ईसीयू वाचा, लिहा, मुद्दाम मधेच वीज तोडून मारा आणि पुन्हा उठवा. कुणाच्या दारातली गाडी अडकून पडत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर घाम फुटायची सवय आधीच मोडते.

ट्यूनिंगसाठी मात्र टूलच्या आधी लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या सेन्सरांची नोंद, वाचायला शिका, ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर भागतं. मागितलेला रेल दाब आणि मिळालेला दाब, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, हवेचं प्रमाण, आत येणाऱ्या हवेचं तापमान. १६०० बार मागितले आणि १५०० च मिळतायत असं दिसलं तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर आधी बघायचा. आजारी इंजिनावर ताकदीची फाइल भरणाऱ्यानं पुढं काय व्हायचं ते स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवावी. लॉग कळायला लागले की डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एक दिवस घालवा, पुण्याला जावं लागलं तरी. एकच तक्ता एका वेळी थोडासा बदलून आलेख कसा हलतो ते बघा. भर हायवेवर, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप, असलं काही करू नका.

आणि ज्यांना मुळापासून शिकायचंय त्यांच्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगली शाळा स्पीडुइनो. आर्डुइनो मेगा २५६० बोर्डावर चालणारा हा खुला ईसीयू आहे, सर्किट आणि प्रोग्राम दोन्ही सगळ्यांना बघायला मोकळे. भंगारात निघालेलं मारुती ८०० चं इंजिन अँगलच्या स्टँडवर बसवायचं, रस्त्यावर न्यायचंच नाही. इंधनाचा १६ गुणिले १६ रकान्यांचा तक्ता ट्यूनरस्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये समोर उघडा असतो. रकाना बदलला की इंजिनाचा आवाज त्याच क्षणी बदलतो, फाइल पाठवून कुणाची वाट बघायला नको. आयटीआयच्या चार पोरांनी वर्गणी काढली तरी जमण्यासारखं आहे. फक्त गार इंजिन स्टार्ट करताना लागणाऱ्या जादा पेट्रोलचा तक्ता बसवायचा असेल तर डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल. मे महिन्यात सोलापुरात सकाळी सहालाही कूलंट २५ अंशांच्या खाली उतरत नाही, त्या तक्त्याचे खालचे रकाने तपासणार कशावर?