मालदीव, दुबई, स्वित्झर्लंड: कोल्हापुरातून निघण्याआधी कोणते कागद, किती कर, आणि २०२२ मध्ये कोविडचे काय नियम होते

कोविडमुळे दोन उन्हाळे घरात काढल्यावर २०२२ मध्ये कोल्हापूरकरांनी हात सैल सोडला. शिरोलीचे फाउंड्रीवाले, गुजरीतले सराफ, इचलकरंजीचे यंत्रमागधारक, शिरोळकडचे ऊस बागायतदार आणि नुकती लग्नं झालेली जोडपी, सगळे समुद्रावरच्या व्हिलाचे आणि आल्प्समधल्या हॉटेलांचे दर विचारत होते. मार्च २०२० मध्ये थांबलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ पासून पुन्हा सुरू झाल्यावर तर घाईच झाली. घाईत क्रम उलटा होतो. व्हिलाचे लाखभर आगाऊ भरून होतात आणि मग कुणीतरी कपाटातून पासपोर्ट काढून बघतं.

खोली रोज दहा हजाराची असो की लाखाची, कागद तेच लागतात. फरक एवढाच, की रक्कम मोठी असली की आयकर खात्याच्या नोंदीत ती हमखास येते. म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग मोठी रक्कम. खालची माहिती जून २०२२ च्या सुरुवातीला लागू असलेल्या नियमांची आहे. नियम हलत राहतात, कोविडचे तर तेव्हा दर पंधरवड्याला हलत होते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा नजर टाकावी.

पासपोर्ट

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक आणि दोन कोरी पानं, एवढं सर्वात आधी तपासा. लॉकडाउनच्या काळात कुणाला पासपोर्टची आठवण नव्हती, त्यामुळे पुष्कळांची मुदत गुपचूप संपून गेली होती. मुलांच्या पासपोर्टकडे जास्त लक्ष द्या. त्यांची मुदत पाचच वर्षांची असते.

नवा काढायचा किंवा नूतनीकरण करायचं तर अर्ज ऑनलाइन भरून अपॉइंटमेंट घ्यायची. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, पण कागद दाखवायला दर वेळी पुण्याला पळायची गरज नाही, कोल्हापुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मोठ्यांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. पत्त्यासाठी आधार, जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि जुना पासपोर्ट असेल तर तो मूळ. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घालण्यासाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती २०१६ च्या अखेरीस काढून टाकली आहे, तरी अजून कुणी ना कुणी ते आणायला सांगतंच. पोलीस पडताळणीसाठी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातून निरोप येतो. अर्जातला पत्ता राजारामपुरीचा आणि राहणं कळंब्याला असं असेल तर तिथेच गाडी अडते.

नावाचा घोळ

अर्ज अडकण्याचं आपल्या भागातलं हे एक मोठं कारण आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे 'साहेब' आखडून 'सो' लिहायची जुनी सवय. आधारवर बाळासो, पॅनवर बाळासाहेब, बँकेच्या पासबुकावर बाळासाहेब आणि पुढे वडिलांचं नाव, लसीच्या प्रमाणपत्रावर नुसतं बाळू. गावात हे सगळे एकच आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. पण विमानतळावरच्या यंत्राला ही चार माणसं दिसतात. आण्णासो, रावसो, तात्यासो, सगळ्यांची हीच गत.

यावर एकच नियम पाळा: पासपोर्टवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे ते प्रमाण, बाकी सगळं त्याला जुळवायचं. तिकीट, हॉटेल, विमा, फॉरेक्स कार्ड, सगळीकडे तेच. आधारवरचं नाव बदलायला वेळ लागत असेल तर निदान तिकिटावर तडजोड नको.

नव्या सुनेचा प्रश्न निराळा. लग्न मे महिन्यात, मालदीवचं बुकिंग जूनमध्ये आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा. पुष्कळ घरांत 'आधी नाव बदलून घेऊ' असा आग्रह होतो. तो तेवढा सहलीपुरता बाजूला ठेवा. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण वैध असतो. तिकीट आणि खोली त्याच नावाने काढा, नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर बदला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा घ्यायचा असेल तर महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र मात्र हाताशी असू द्या, लग्नपत्रिकेवर भागत नाही.

व्हिसा कुठे लागतो

मालदीवला भारतीयांना पोहोचल्यावर ३० दिवसांचा मोफत व्हिसा मिळतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि निघण्याआधी 'इमुगा' या संकेतस्थळावर भरलेला प्रवासी अर्ज एवढं पुरतं. अर्ज फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या नक्कल संकेतस्थळांपासून सावध राहा. एक व्यवहाराची गोष्ट: दूरच्या बेटांवर नेणारी सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. माले विमानतळावर तुम्ही संध्याकाळी उतरलात, तर ती रात्र तिथेच काढावी लागते आणि व्हिलाचं त्या रात्रीचं भाडं बुडतं. तिकीट काढण्याआधीच विमानाची वेळ रिसॉर्टला कळवा. पूजेसाठी मूर्ती आणि दारू मालदीवमध्ये नेता येत नाही. बॅगेतली अंबाबाईची छोटी मूर्ती घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्या.

दुबईचा व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा ट्रॅव्हल कंपनीमार्फत आधी काढावा लागतो. पासपोर्टची स्वच्छ स्कॅन प्रत आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो द्यायचा. त्यात अवघड काही नाही.

खरी कसरत शेंगेनची. स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटली सगळे याच व्हिसात येतात. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण जास्त चौकशी निघाली तर ४५ पर्यंत जातात. २०२२ मध्ये अडचण निर्णयाची नव्हती, अपॉइंटमेंटची होती. सगळं जग एकदम बाहेर पडल्यामुळे तारखा मिळत नव्हत्या. पुण्यात तारीख आहे का आधी बघा, नसेल तर मुंबई. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या पाच वर्षांत याच व्हिसासाठी दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. २०२२ मध्ये फी मोठ्यांना ८० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४० होती, शिवाय केंद्राचा सेवा आकार. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. तो घेताना कोविडचा उपचार त्यात धरला आहे का, हे पॉलिसीच्या कागदावरच वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

उत्पन्न दाखवताना

नोकरदाराला पगारपत्रकं आणि रजेचं पत्र, व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणी किंवा शॉप अ‍ॅक्ट, सोबत तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. हे सरळ आहे. अडतो तो शेतकरी. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. बारा एकर ऊस असलेला माणूस दूतावासाच्या नजरेत कागदावर बिनउत्पन्नाचा ठरतो. अशा वेळी सातबारा आणि आठ-अ चे उतारे, कारखान्याची ऊसबिलं आणि ती रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचं स्टेटमेंट, असा जोड द्यावा. उतारे मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा. सोसायटीच्या खात्यापेक्षा कारखान्याचं बिल जिथे जमा होतं ते राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेचं खातं दाखवलेलं बरं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून दहा लाख आणून खात्यात टाकायचा उद्योग करू नये. अशी अचानक आलेली रक्कम पटकन नजरेत भरते आणि नकाराला निमित्त होते.

पैसे आणि कर

परदेशी सहलीचं पॅकेज विकत घेतलं की विक्रेता त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करतो; २०२२ मध्ये तो ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२० पासून हा नियम आहे आणि रक्कम कितीही लहान असली तरी लागू होतो. पॅन दिला नाही तर तेव्हा १० टक्के. याशिवाय पॅकेजवर ५ टक्के जीएसटी. त्या दराने आठ लाखांच्या पॅकेजवर जीएसटी धरून चाळीस हजारांहून जास्त टीसीएस जायचा, म्हणून बरेच जण दरपत्रक बघून ट्रॅव्हलवाल्याशी भांडायचे. टीसीएस त्याच्या खिशात जात नाही. तो तुमच्या पॅनवर सरकारजमा होतो, २६एएस या करजमेच्या उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्र भरताना तुमच्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. जीएसटी मात्र गेला तो गेला.

इथे पॅन कुणाचा द्यायचा, हे विचारपूर्वक ठरवा. आईच्या नावावर बुकिंग केलं आणि आई विवरणपत्र भरत नसेल तर ते चाळीस हजार तिथेच अडकून बसतात. घरात जो कर भरतो त्याचा पॅन, त्याच्याच खात्यातून पैसे. पैसे भरल्यावर विक्रेत्याकडून टीसीएसचं २७डी प्रमाणपत्र मागून घ्या.

शेतकऱ्यांसाठी आणि घरी बसून सहलीचे पैसे देणाऱ्या आजोबांसाठी आणखी एक नियम, जो फारच थोड्यांना ठाऊक असतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही परदेश प्रवासावर वर्षाला २ लाख रुपयांपेक्षा जास्त खर्च केला, तर करपात्र उत्पन्न शून्य असलं तरी आयकर विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे. म्हणजे मुलगा-सुनेच्या मालदीवचे चार लाख उसाच्या बिलातून दिले, तर विवरणपत्र वडिलांना भरावं लागतं. मार्च २०२२ पर्यंतच्या खर्चाचं विवरणपत्र ३१ जुलै २०२२ पर्यंत भरायचं होतं. २०२२ च्या मे-जूनचा खर्च त्यापुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येणारा होता.

परकीय चलन बँकेतून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. पॅन आणि ए-२ अर्ज लागतो. नोटांच्या रूपात एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३००० डॉलरपर्यंतच मिळतात, बाकी कार्डावर. रोख रुपये देऊन ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचं चलन घेता येत नाही, वरची रक्कम चेकने किंवा खात्यातून. एका माणसाला आर्थिक वर्षात एकूण मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. तिची काळजी आपल्यापैकी फारशा कुणाला करावी लागणार नाही.

लस आणि चाचणी

२०२२ मध्ये कोविन या सरकारी लस-नोंदणीच्या संकेतस्थळावर खात्यात शिरून 'तक्रार नोंदवा' या भागात पासपोर्ट क्रमांक जोडता यायचा. त्यानंतर पूर्ण जन्मतारखेसह परदेश प्रवासाचं वेगळं प्रमाणपत्र डाउनलोड व्हायचं. तेच न्यावं लागे, जुनं फक्त वय लिहिलेलं चालत नसे. दुरुस्तीच्या संधी मोजक्या असत, त्यामुळे क्रमांक टाकताना पासपोर्ट समोर ठेवावा लागे.

स्वित्झर्लंडने २ मे २०२२ पासून कोविडचे प्रवेश निर्बंध उठवले, ब्रिटनने १८ मार्चपासून. दुबईला तेव्हा लसीचं क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र दाखवलं की आरटीपीसीआर लागत नसे. फ्रान्स तेव्हाही लस बघायचा, आणि दुसरा डोस होऊन नऊ महिने उलटले असतील तर मोठ्यांकडून तिसरा मागायचा. आपल्याकडे तिसऱ्या डोससाठीच दुसऱ्यानंतर नऊ महिने थांबायचा नियम होता, त्यामुळे ज्यांना आधी निघायचं होतं त्यांची पंचाईत व्हायची. मे २०२२ मध्ये केंद्राने परदेशी जाणाऱ्यांना त्या देशाच्या गरजेप्रमाणे आधी डोस घ्यायची मुभा दिली. तो खासगी रुग्णालयात मिळायचा. पॅरिस आणि झुरिक एकाच सहलीत करणाऱ्यांनी दोघांपैकी कडक देशाचा नियम धरून चालावं लागे.

परत येताना 'एअर सुविधा' हा ऑनलाइन अर्ज विमानात बसण्याआधी भरावा लागे; तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्यात लसीकरण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र किंवा ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर जोडावा लागे. लसीच्या प्रमाणपत्रावर भागतं का, हे कोणत्या देशातून परतता त्यावर ठरायचं, यादी अर्जासोबतच होती. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती. उतरल्यावर विमानातल्या २ टक्के प्रवाशांचा नमुना घेतला जायचा. त्यात नंबर लागला तर नमुना देऊन घरी जाता यायचं.

बॅगेत काय, आणि सोनं

दुबईत खसखस अमली पदार्थाच्या यादीत आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात ती बहुधा असतेच, तेव्हा दुबईला जाताना मसाल्याची बरणी काढून ठेवा, यात थट्टा नाही. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही नाही. भडंग खुशाल न्या.

दागिन्यांचं दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. परदेशातल्या लग्नासाठी घरचा कोल्हापुरी साज, तोडे घेऊन निघाला असाल तर परदेशी जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. सराफाची पावती आणि दागिन्यांचे फोटो सोबत असू द्या, आणि त्यासाठी तासभर आधी पोहोचा. प्रमाणपत्र नसेल तर परतताना तेच दागिने नवे घेतलेले नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. दुबईहून सोनं आणण्याबद्दल गुजरीत जे ऐकायला मिळतं, ते बहुतेक अर्धवट असतं. पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम ही करमुक्त सूट, तीही २०२२ मध्ये ५० हजार आणि १ लाख रुपये किमतीच्या मर्यादेत, फक्त वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून येणाऱ्यांना आहे. आठ दिवसांच्या सहलीवरून परतणाऱ्याला दागिन्यांवर काहीच सूट नाही. इतर वस्तूंना २०२२ मध्ये ५० हजारांपर्यंतची होती, दारूला दोन लिटर. सोनं घेतलं असेल तर लाल मार्गाने, म्हणजे शुल्क लागणाऱ्या वस्तूंच्या रांगेने, जाऊन पावती दाखवा आणि शुल्क भरा.