सालीवरच्या उवा : उष्ण कटिबंधातील नव्या जातींचा शोध आणि वर्गीकरण

झाडाच्या सालीवर, सुकून लोंबणाऱ्या पानांत आणि दगडांवर राहणारे, बहुधा १ ते १० मिलिमीटर लांबीचे मऊ अंगाचे कीटक. इंग्रजीत यांना बार्कलाइस म्हणतात. जुन्या कागदांत वळवळणाऱ्या बिनपंखी बुकलाइस याच गोतातल्या. नावात ऊ असली तरी या रक्त पीत नाहीत. शेवाळ, बुरशीचे बीजाणू आणि दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातले) खरवडून त्या जगतात. लांब दोऱ्यासारख्या शृंगिका, फुगीर कपाळ आणि उतरत्या छपरासारखे मिटलेले पंख ही त्यांची ओळख.

गोळा करण्याची पद्धत साधी आहे. फांदीखाली पांढरे कापड किंवा उलटी छत्री धरून फांदीवर काठीने ठोकतात आणि खाली पडलेले कीटक नळीने ओढून अल्कोहोलात टाकतात. अल्कोहोलात रंग फिके पडतात, म्हणून त्यांची नोंद लगेच करावी लागते.

जात नवी आहे की नाही, हे मात्र जंगलात क्वचितच कळते. पोटाचा शेवटचा भाग कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करतात. मग तो, एका बाजूचे पंख आणि पाय काचपट्टीवर बसवतात. पुढच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ शिरेची एक लहानशी कमान असते. ती मधल्या शिरेला जोडलेली आहे, सुटी आहे की मुळीच नाही, यावरून कुळाचा अंदाज येतो. जात ठरते ती बहुधा जननेंद्रियांवरून : नराच्या इंद्रियाची चौकट आणि मादीच्या पोटाखालचे शेवटचे पट्ट. म्हणून एकाच लिंगाचा नमुना हाती असला की काम अडते. काही जातींत तर माद्या नराविना प्रजनन करतात.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्मान हागेन यांनी १८५८-५९ मध्ये श्रीलंकेतील जातींची वर्णने केली. त्या काळचा भर रंगावर आणि पंखांवर असे. त्यामुळे नवे नाव देण्यापूर्वी संग्रहालयातला मूळ नमुना पुन्हा तपासणे हाच खात्रीचा मार्ग, मग त्यात कितीही वेळ जावो. चार्ल्स लिनहार्ड आणि कोर्टनी स्मिथर्स यांच्या २००२ च्या जागतिक सूचीत सुमारे ४,४०० जाती होत्या. त्यानंतर भर पडतच आहे.

वरच्या पातळीवरचे वर्गीकरणही बदलले. प्राणी-पक्ष्यांवरच्या खऱ्या उवा पूर्वी वेगळ्या गणात धरत. त्या बुकलाइसच्या जवळच्या नातलग असल्याचे शरीररचना आणि डीएनए यांवरून दिसल्यावर दोन्ही आता सोकोडिया या एकाच गणात घेतात. त्याचे तीन उपगण : ट्रोजिओमॉर्फा, ट्रॉक्टोमॉर्फा आणि सोकोमॉर्फा.

काचपट्टीवरचे बारीक निरीक्षण कुठवर नेते, याचे उत्तम उदाहरण ब्राझीलच्या कोरड्या गुहांतले आहे. तिथल्या याच गणातल्या निओट्रोग्ला या प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) वर्णन २०१० मध्ये झाले, तेव्हाच मादीच्या पोटातला शिश्नासारखा अवयव नजरेत भरला होता. काझुनोरी योशिझावा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचे कार्य दाखवले : मादी तो नराच्या शरीरात घालते, त्यावरच्या काट्यांनी नराला घट्ट धरते आणि मिलन ४० ते ७० तास चालते. जोडी ओढून वेगळी करू पाहता नराचे पोट धडापासून तुटले, पकड मात्र सुटली नाही.