नत्राची गळती

पर्यावरणावरील मानवी परिणामांची चर्चा बहुधा कार्बनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नत्राचे (नायट्रोजनचे) चक्र माणसाने किती खोलवर बदलले आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

हवेचा सुमारे 78 टक्के भाग नत्राचा असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात, की वनस्पतींना ते थेट वापरता येत नाही. हा बंध तोडण्याचे काम निसर्गात मुख्यतः सूक्ष्मजीव करतात; द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू त्यांपैकीच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये नत्र आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया तयार करून दाखवला, कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्याच्या आवाक्यात आणली आणि 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या अमोनियापासून बनणाऱ्या खतांतील नत्रावर पिकते; म्हणूनच रासायनिक खते सरसकट बंद करण्याची मागणी मला बेजबाबदार वाटते.

खरी अडचण गळतीची आहे. पिकांना दिलेल्या नत्रापैकी जगाच्या सरासरीने जेमतेम निम्मे पिकात उतरते. उरलेल्यापैकी काही अमोनियाच्या रूपाने उडून जाते, तर काही नायट्रेट बनून पाण्याबरोबर झिरपते आणि नद्यांवाटे समुद्राला मिळते. मिसिसिपी नदीतून येणाऱ्या अशा पोषकद्रव्यांमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात शैवाल माजते. ते मरून कुजताना तळाच्या पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, मासे दूर जातात आणि ज्या जीवांना हलता येत नाही ते गुदमरतात. शिवाय मातीतील जिवाणू काही नत्राचे नायट्रस ऑक्साइड बनवतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ घडवतो आणि ओझोनच्या थरालाही झिजवतो.

माती तपासून, पिकाच्या गरजेच्या वेळी, विभागून खत देणे आणि फेरपालटीत कडधान्ये घेणे हे उपाय जुनेच आहेत. ताटाकडेही पाहावे लागेल, कारण जनावरांना चारलेल्या धान्यातील बहुतेक नत्र मांसात न उतरता मलमूत्रात जाते आणि वाया गेलेल्या अन्नाबरोबर त्यासाठी घातलेले खतही वाया जाते. सौर किंवा पवन विजेने पाण्यातून हायड्रोजन मिळवून अमोनिया बनवला, तर कारखान्यातील कार्बन उत्सर्जन नक्कीच घटेल. शेतातील गळती मात्र तेवढीच राहील, कारण अमोनिया कोणत्या ऊर्जेवर बनला याच्याशी मातीतील जिवाणूंना काही देणेघेणे नसते.