कथेत भूतकाळात जायची सोय कशी झाली

भागवतात आणि विष्णुपुराणात ककुद्मी राजाची गोष्ट येते. रेवतीला योग्य वर कोणता, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन रंगलेलं असतं, म्हणून जरा थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटतात आणि मनात धरलेली सगळी स्थळं कालवश होतात! पुढे रेवती बलरामाला दिली जाते. ती जुन्या युगातली, फारच उंच. तो नांगराने तिला आपल्या काळाच्या मापात आणतो.

ही कालप्रवासाची पहिली कथा, असं आपल्याकडे हौसेने सांगतात. अर्धंच खरं आहे ते. राजाने काळ निवडलेला नाही आणि त्याला परतीची वाटही नाही. वॉशिंग्टन अर्विंगचा रिप व्हॅन विंकल (१८१९) झोपेतच वीस वर्षं पुढे सरकतो. मार्क ट्वेनचा अमेरिकन कारागीर (१८८९) डोक्यावर फटका बसून सहाव्या शतकात पोचतो. म्हणजे काळ माणसाला नेतो. माणूस काळात जात नाही.

हे बदललं यंत्रामुळे. एन्रिके गास्पार या स्पॅनिश लेखकाने १८८७ मध्येच काळात नेणारं यंत्र कादंबरीत आणलं होतं, पण रूढ झालं ते इंग्रज लेखक एच. जी. वेल्सचं. लंडनमध्ये विज्ञान शिकून बाहेर पडल्यावर १८८८ साली त्याने आपल्या कॉलेजच्या मासिकात या कल्पनेचा कच्चा खर्डा लिहिला. १८९५ च्या कादंबरीत प्रवासी थेट इ. स. ८,०२,७०१ गाठतो. काळ ही चौथी मिती, हा युक्तिवाद तो पहिल्याच प्रकरणात करतो. आइन्स्टाइनचा सापेक्षतेवरचा लेख त्यानंतर दहा वर्षांनी आला.

गंमत अशी, की वेल्सला ओढ भविष्याची होती. खरी गुंतागुंत मागे जाण्यात आहे, हे पुढच्यांनी ओळखलं. आपल्याच पूर्वजाला मारलं तर आपण जन्मणार कसे? फ्रेंच लेखक रने बार्जाव्हेलने १९४० च्या दशकात हा पेच कादंबरीत मांडला. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीच्या १९५२ च्या कथेत डायनोसोरच्या काळात एक फुलपाखरू पायाखाली चिरडतं आणि वर्तमानातल्या निवडणुकीचा निकाल फिरतो. त्याआधी १९४१ मध्येच रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने उलटी चाल खेळली होती: भूतकाळ बदलतच नाही, नायक स्वतःलाच भेटत राहतो आणि वर्तुळ पुरं होतं. लिहायला हा प्रकार सर्वांत अवघड, कारण सुटा राहिलेला एक धागाही वाचक पकडतो.

भौतिकशास्त्रानेही मग हात दिला. गणितज्ञ कुर्ट गडेलने १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं फिरणारं विश्व मांडलं, ज्यात भूतकाळात परतता येतं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनला कादंबरीसाठी दूरच्या ताऱ्यापर्यंत झटपट नेणारी वाट हवी होती, म्हणून त्याने भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नला विचारलं. त्यातून निघालेल्या विचारावर थॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कृमिविवरातून (वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा) कालयंत्र कसं होईल, यावर शोधनिबंधच लिहिला.

मराठीत जयंत नारळीकरांनी वेगळी वाट धरली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधले इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. काटेकोर अर्थाने हा कालप्रवास नव्हे. पंत मागे जात नाहीत, ते फुटलेल्या दुसऱ्या फांदीवर जातात. त्यामुळे पूर्वजाचा पेच उरत नाही, आणि बखरीचं फाटकं पान मात्र पुरावा म्हणून खिशात येतं.