हचिन्सन, जॉर्ज ईव्हलिन

(३० जानेवारी १९०३ – १७ मे १९९१). ब्रिटिश-अमेरिकन सरोवरवैज्ञानिक व परिस्थितिवैज्ञानिक. गोड्या पाण्यातील प्लवक (पाण्यात तरंगत राहणारे बारीक जीव) आणि तळ्यांचे रसायन हे त्यांचे मुख्य विषय. एकाच ठिकाणी इतक्या जाती कशा नांदतात, हा प्रश्नही त्यांना तळ्याकाठीच पडला.

जन्म इंग्लंडमधील केंब्रिजचा. वडील खनिजशास्त्रज्ञ. पहिले टिपण छापून आले ते पंधराव्या वर्षी, पाण्यात पोहणाऱ्या नाकतोड्यावर. केंब्रिजची पदवी घेतल्यावर ते काही काळ नेपल्सला ऑक्टोपसवर काम करत होते. मग दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला शिकवू लागले. ती नोकरी टिकली नाही, पण त्या देशातली उथळ तळी पाहता पाहता त्यांना सरोवरविज्ञानाची गोडी लागली. १९२८ मध्ये ते अमेरिकेत येल विद्यापीठात रुजू झाले आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. स्वतः पीएच.डी. कधी केली नाही. विद्यार्थ्यांकडून मात्र भरपूर करवून घेतली.

१९३२ मध्ये येलच्या उत्तर भारत मोहिमेबरोबर ते लडाखला गेले. चार हजार मीटरहून उंचावरच्या पँगाँगसारख्या सरोवरांचे पाणी आणि त्यातले जीव त्यांनी तपासले. पँगाँगला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून त्याचे पाणी खारट. अशा बंद सरोवराचा रासायनिक जमाखर्च मांडणे हे पुढे त्यांच्या कामाचे अंगच झाले.

त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे कनेक्टिकटमधले लिन्सली पाँड, एक लहानसे तळे. उन्हाळ्यात अशा तळ्यात वर ऊन, हलके पाणी आणि खाली गार, जड पाणी असे थर पडतात व ते सहजी मिसळत नाहीत. मग वरचा फॉस्फरस खाली जातो कसा? १९४६ मध्ये हचिन्सन आणि व्हॉन बोवेन यांनी किरणोत्सारी फॉस्फरस पृष्ठभागाच्या पाण्यात सोडला. हा फॉस्फरस सुमारे १४ दिवसांत निम्मा क्षय पावतो, त्यामुळे नमुने लगोलग घ्यावे लागले. काही दिवसांतच तो खोल पाण्यात सापडला: वरच्या वनस्पतिप्लवकांनी शोषून घेतलेला आणि त्यांच्याबरोबर खाली बसलेला. सांडपाण्याने हिरवेगार पडणारे तळे समजून घ्यायला फॉस्फरसचा हाच फेरा आधी समजावा लागतो.

शिष्यांच्या पाठीशी ते कसे उभे राहत, हे रेमंड लिंडेमन यांच्या प्रसंगात दिसते. मिनेसोटातल्या एका दलदली तळ्यातली ऊर्जा वनस्पतींकडून प्राण्यांकडे कशी जाते, हे मांडणारा त्यांचा लेख परीक्षकांनी फार सैद्धान्तिक म्हणून नाकारला होता. हचिन्सन यांनी संपादकाला पत्र लिहून त्याची बाजू घेतली. लेख १९४२ मध्ये छापला गेला. तोवर लिंडेमन वयाच्या २६ व्या वर्षी वारले होते.

१९५७ मध्ये त्यांनी ‘निश’, म्हणजे एखादी जात ज्या परिस्थितीत तगून राहू शकते तिची चौकट, या संकल्पनेला गणिती रूप दिले. मराठीत त्याला ‘कोनाडा’ म्हणता येईल, पण भिंतीतल्या कोनाड्याला लांबी, रुंदी, खोली एवढ्याच मिती; हचिन्सन यांच्या कोनाड्याला तापमान, आम्लता, अन्नाचा आकार अशा जितक्या गरजा तितक्या मिती. सिसिलीत पालेर्मोजवळ, सांता रोझालिया या संतिणीच्या गुहेखालच्या तळ्यात त्यांना वल्ह्यासारख्या पायांनी पोहणाऱ्या पाणकिड्यांच्या दोन जाती सापडल्या, एक मोठी, एक धाकटी. प्राण्यांच्या इतक्या जाती का, या १९५९ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाची सुरुवात त्या किड्यांपासून होते.

१९६१ चा ‘प्लवकांचा विरोधाभास’ हा त्यांचा सर्वांत टिकाऊ प्रश्न म्हणावा लागेल. एकाच गरजेसाठी झगडणाऱ्या दोन जातींपैकी एक अखेर हटते, असे रशियन शास्त्रज्ञ गाऊझे यांच्या प्रयोगांवरून मानले जाई. तळ्यात तर लपायला ना झाड ना दगड. सगळ्या वनस्पतिप्लवकांना प्रकाश हवा, नायट्रोजन हवे, फॉस्फरस हवा. तरी बादलीभर पाण्यात डझनावारी जाती निघतात. हचिन्सन यांचे मुख्य उत्तर असे, की निकाल लागण्याइतका वेळच मिळत नाही. एक जात वरचढ होऊ लागते तोच ऋतू पालटतो, पाणी ढवळते आणि डाव नव्याने मांडला जातो. पुढे डेव्हिड टिलमन यांनी १९७७ मध्ये दाखवले, की एका डायाटमला (सिलिकाचे कवच असलेल्या वनस्पतिप्लवकाला) फॉस्फेटची आणि दुसऱ्याला सिलिकेटची टंचाई भासत असेल तर दोघे स्थिर परिस्थितीतही एकत्र राहतात. म्हणजे हचिन्सन यांचे उत्तर पुरेसे नव्हते. प्रश्न मात्र अचूक होता.

सरोवरविज्ञानावरच्या त्यांच्या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९५७ मध्ये निघाला, प्लवकांवरचा दुसरा १९६७ मध्ये, तर चौथा त्यांच्या निधनानंतर, १९९३ मध्ये.